मापाला उभी

त्या मॉलमधल्या बर्फघराला ओल्या मोज्यांचा वास येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं बऱ्याच चकचकीत गोष्टी येणार आहेत आणि वाचणाऱ्याला त्या वासाचा विसर पडायला नको. भाड्याची जाकिटं, भाड्याचे बूट, दिवसभर एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर. दारातून आत गेलं की थंडी नंतर लागते, वास आधी येतो. यंत्रातून पाडलेला बर्फ सकाळी पांढरा असतो म्हणे. मी पाहिला तेव्हा तो करडा झाला होता आणि त्यात एक केसांचा रबर, चिप्सचं पाकीट आणि कुणाच्या तरी बोटावरची औषधाची पट्टी रुतून बसली होती. लहान मुलं तोच बर्फ मुठीनं तोंडात घालत होती आणि आईबाप फोटो काढत होते. मला किळस आली, ती अजून गेलेली नाही.

मी दोह्यात छपाईच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करते. दुकानांच्या पाट्या, प्रदर्शनांचे फलक, बंद गाळ्यांवर लावायची ‘लवकरच येत आहे’ची कापडं, हे सगळं आमच्याकडं होतं. नवरा इस्पितळाच्या लॅबमध्ये, घर अल मुंतझात, माहेर कोल्हापूर. रय्यानकडच्या त्या मॉलमध्ये बर्फघर सुरू व्हायचं होतं, त्याच्या बाहेरच्या भिंतीचं काम आमच्याकडं आलं. पार्किंगच्या दारापासून बर्फघराच्या दारापर्यंत जाणारी लांबलचक भिंत. तिच्यावर कापडावर छापलेले माणसापेक्षा मोठे फोटो लावायचे होते, मागून दिवे सोडलेले. विषय होता हिमनदी.

त्यांच्या मार्केटिंगचा प्रमुख पुण्याचा निघाला. मुशैरिबमधल्या त्यांच्या ऑफिसात बराच वेळ इंग्रजी झाडून झाल्यावर त्यानं माझं आडनाव परत वाचलं आणि म्हणाला, “अहो, मग मराठीत बोलू की.” परदेशात मराठी माणूस भेटला की मला उगाच बरं वाटायचं. ती सवय मी आता सोडली आहे.

त्याला विकतचे फोटो नको होते. “ते सगळ्यांकडं असतात,” तो म्हणाला. “मला एकच जागा हवी, एकाच कोनातून. आधी आणि नंतर. ऑथेंटिक पाहिजे.”

माझं तोंड गप्प बसत नाही. मी म्हणाले, “तसे फोटो माझ्या बहिणीकडं आहेत.”

माझी थोरली बहीण तरुणपणी नर्स म्हणून नॉर्वेला गेली आणि तिथल्याच एका माणसाशी लग्न करून राहिली. तो शाळेची बस चालवायचा. सोनेरी दाढी, निळे डोळे, पण आमच्या घरात तो दाजीच. आईनं पहिल्या दिवशी त्याला दाजी म्हणून हाक मारली आणि पुढं तोसुद्धा फोनवर स्वतःला दाजी म्हणायला लागला. त्यांच्या गावाच्या वर डोंगराच्या घळीतून एक हिमनदी खाली उतरायची. लग्न झालं त्या उन्हाळ्यात दाजींनी ताईला त्या बर्फासमोर उभं करून एका दगडावरून फोटो काढला. मग दर वर्षी ऑगस्ट सरता सरता ते तिथं जायचे. स्वतः त्याच दगडावर चढायचे आणि ताईला त्याच जागी उभं करायचे. तू कशाला मधे, असं मी विचारलं की ताई म्हणायची, “मी मापाला.” आमच्याकडं ऊस केवढा वाढला हे दाखवायला त्याच्याशेजारी घरातला माणूस उभा करून फोटो काढतात, तसंच ते होतं. माणूस शेजारी असल्याशिवाय बर्फ केवढा हे कळत नाही, असं दाजींचं म्हणणं.

पहिल्या फोटोत बर्फ तिच्या पाठीमागं भिंतीसारखा उभा आहे. निळसर, भेगाळलेला, आणि इतका जवळ की थोडं मागं चालत गेली असती तर हात टेकला असता. ताईचे केस काळेभोर, वेणी पुढं घेतलेली, अंगात सासूचं ढगळ जाकीट. नंतरची काही वर्षं तर तो आणखी पुढं, अगदी तिच्या पाठीशी आला. हे मला नुसतं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण फोटोत त्याच्या रेट्यानं आडवी झालेली झाडं दिसतात. त्या वर्षांत हिवाळ्यात हिम फार पडलं होतं, म्हणून. दाजींनी तेही फोटो जपून ठेवले. मग बर्फ थांबला आणि मग जायला लागला. आधी तिच्या आणि त्याच्यामधे करडी खडी दिसते. मग एक डबकं दिसतं. डबक्याचं तळं होतं. तळ्यापलीकडं बर्फाचं मळकं टोक राहतं. शेवटच्या फोटोत तो पार वर, घळीच्या तोंडाशी गेलाय, आणि खाली नुसते उघडे खडक. ताई त्याच जागी उभी आहे. केस पांढरे आणि आखूड.

मी तिथं दोनदा गेले आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा बर्फ अजून जवळ होता. गाड्या लावायच्या जागेशेजारी कॉफीची टपरी होती आणि टपरीत उभं राहिलं तरी वरून येणारा गार वारा कानाला झोंबायचा. मधेच बर्फाच्या आत कुठंतरी काहीतरी मोडल्याचा आवाज यायचा. मी दचकले तर दाजी हसले आणि मला समजेल अशा इंग्रजीत म्हणाले, तो चालतोय.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा दाजी आजारी होते. टपरी बंद झाली होती. वाटेवर ठिकठिकाणी साल लिहिलेल्या पाट्या होत्या, बर्फ या साली इथवर होता, त्या साली तिथवर. आम्ही चालत राहिलो. तिथं पोचलो तर समोर तळं, आणि पाण्याचा रंग कपडे धुऊन बादलीत राहिलेल्या पाण्यासारखा. पलीकडं बर्फ होता, पण तो बर्फ आहे हे मला सांगावं लागलं. वरून माती, वाळू, दगडाचा चुरा. काळपट, भोकं पडलेला, कडेकडेनं गळणारा. जवळ जायला बंदी होती, कारण कधी कोसळेल याचा नेम नव्हता. नव्यानं उघड्या पडलेल्या खडकांवर अजून शेवाळसुद्धा धरलं नव्हतं. कातडी सोललेलं काहीतरी बघतोय असं वाटून मी नजर काढून घेतली.

तेवढ्यात एक बस भरून प्रवासी आले. बर्फाकडं पाठ करून त्यांनी स्वतःचे फोटो काढले, दोघं जण खडकाआड लघवी करून आले आणि बस निघून गेली. मला त्यांची शिसारी आली. विमानात बसल्यावर स्वतःचीही आली, कारण मी काही चालत गेले नव्हते, आणि मी जिथं राहते तिथं सगळ्यांची चूल कशावर पेटते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण निदान ती शिसारी आहे तशी आहे, मी तिच्यावर अत्तर शिंपडत नाही.

त्या वर्षी दाजींनी काठी टेकत दगड गाठला आणि फोटो काढला. तो त्यांचा शेवटचा. त्याच हिवाळ्यात ते गेले.

मी ताईला फोन करून फोटो मागितले. ताई कोल्हापूर सोडून गेली तेव्हाची मराठी बोलते. आमच्या भागात बायका आपसात बोलताना पुरुषासारखं ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तशी.

“घे,” ती म्हणाली. “पण साल घालायचं. हरेक फोटोखाली. एवढी वर्षं ह्यांनी काय केलं ते कुणाला तरी कळू दे. दुसरं काय मागं ठेवून गेल्यात?”

“घालीन,” मी म्हणाले.

“मी बघायला येतो. डिसेंबरात गावाकडं जाताना दोह्यातनंच जायचंय.”

बर्फघराच्या कंपनीनं परवानगीचा तयार मजकूर पाठवला आणि ताईनं न वाचता होकार कळवला. फोटो कापणं, बदलणं, हवे तसे मांडणं या सगळ्याची मुभा त्यात होती. असल्या मजकुरात तेच असतं, मी रोज बघते. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही, कारण भिंतीची पानं मीच मांडणार होते.

पहिली पानं घेऊन मुशैरिबला गेले तर त्या पुणेकरानं सालांवर बोट ठेवलं. “हे नको.”

“का?”

“जुना आकडा दिसला की माल शिळा वाटतो. लोक बर्फात खेळायला चाललेत, त्यांना इतिहासाचा पेपर कशाला?”

“मग आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे कळणार कसं?”

“कळतं हो. वाचतो तसंच माणूस बघतो.” मग त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. “आणि ही बाई काढता येईल का? क्लीन दिसेल.”

“ती माझी बहीण आहे.”

“सॉरी, सॉरी.” थोडं थांबून तो म्हणाला, “पण तरी.”

मी भांडले. माप लागतं, माणसाशिवाय बर्फाचा अंदाज येत नाही, असं दाजींचंच म्हणणं मी त्याला ऐकवलं. खरं कारण मी पोटात ठेवलं. साल गेल्यावर त्या भिंतीवर काळ दाखवणारी एकच गोष्ट उरत होती, ती म्हणजे ताईचे केस. काळ्या केसांची ताई आधी, पांढऱ्या केसांची नंतर. अडाणी माणसालाही हे कळावं. त्यानं मान डोलावली. “ह्यूमन टच. ठीक आहे, राहू दे.” सालं गेली, ताई राहिली. संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, “माझ्या केसांवरनं वर्षं मोजायची पाळी आली होय.” पण तयार झाली.

कतारमध्ये प्रत्येक काम दोन भाषांत होतं. इंग्रजीचं पान मी करते, त्याचं अरबी शेजारच्या टेबलावर होतं. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून तिथं अख्खं पान आरशात धरल्यासारखं उलटवतात. डावीकडचं उजवीकडं जातं आणि पहिलं पान शेवटी. पुस्तिकेत ते बरोबरच असतं, तशीच पद्धत आहे. या वेळी मंजुरीची सही अरबी पानावर झाली होती, त्यामुळं भिंतीसाठीही तेच उलटवलेलं पान छापायला गेलं. सगळ्यात जुना फोटो उजव्या टोकाला, नवा डाव्या. कागदावर कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. पण भिंत काही वाचायची नसते. तिच्या कडेनं चालायचं असतं, आणि पार्किंगचं दार डाव्या टोकाला होतं.

मला हे कळलं ते फोटो लावून झाल्यावर. मी गाडी लावली, दारातून आत आले आणि समोर पांढऱ्या केसांची ताई, पाठीमागं रिकामी घळ. पुढं चालले तसं तळं आटलं, खडी झाकली गेली, बर्फ खाली उतरला, ताईची कंबर बारीक झाली, केस लांब झाले. बर्फघराच्या दाराशी पोचले तर तिथं नवी नवरी, आणि तिच्यामागं बर्फाची भिंत.

फोटो लावणारा आमचा फिटर सांगलीकडचा. बायकोपोरं गावी, इथं तो खोलीवर चौघांत राहतो. शिडीवरून उतरत होता.

“अहो भाऊ, हे उलटं लागलंय,” मी म्हणाले.

“कागदावर हाय तसंच लावलंय बघा ताई.”

“तसं नाही. दारातून चालत आलं की बर्फ वाढत जातोय.”

तो पार्किंगच्या दारापर्यंत गेला आणि भिंत बघत बघत परत आला. “वाढतोय खरा,” म्हणाला. “वाढू दे की. लोकास्नी तेवढंच बरं वाटंल.” माझं तोंड बघून मग म्हणाला, “बदलायचं तर बदलू. कापडं तर हायत, एका दुपारचं काम हाय.”

मी तिथूनच पुण्याच्या त्या गृहस्थाला फोन लावला. मला वाटलं चूक सांगितली की तो घाबरेल. तो खूश होता.

“मी आत्ताच व्हिडिओ बघितला. जबरदस्त दिसतंय. आता हात लावू नका.”

“अहो, बर्फ वाढताना दिसतोय.”

“तेच तर. माणूस बर्फघराकडं चाललाय आणि बर्फ वाढत चाललाय. जर्नी आहे.”

“पण हे खोटं आहे.”

“एक तरी फोटो खोटा आहे का? तुमच्या बहिणीचेच आहेत ना? आणि मधे काही वर्षं वाढला होता, हे तुम्हीच सांगितलंत.”

सांगितलं होतं. दाजी जसे खरेपणानं ते फोटो जपून ठेवत, तसंच मीही खरेपणानं सांगितलं होतं, आणि त्या सांगण्याचा त्यानं असा उपयोग केला. “निदान साल तरी घाला,” मी म्हणाले.

“साल घातलं तर उलटं आहे हे कळेल ना.” तो हसतसुद्धा नव्हता. “हे बघा, जो उजवीकडून बघेल त्याला तुमचं खरं दिसेल. जो चालत येईल त्याला छान वाटेल. सगळे खूश. खलास, मॅडम.”

आमच्या साहेबांकडं गेले. ते म्हणाले, ग्राहकाची सही आहे, ग्राहक समाधानी आहे, तुझं दुखणं काय. घरी नवरा म्हणाला, “सोड ना. मॉलमध्ये कोण भिंतीकडं बघतं?” त्याचंही बरोबर होतं. बर्फघर उघडल्यानंतर एकदा मी तिथल्या बाकावर बसून बघत राहिले. येणारी माणसं मुलांना ओढत पुढं जात होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना दिसत असेल तर एवढंच, की जग पुढं पुढं थंड होत चाललंय. बाहेर पडणाऱ्यांना तीच भिंत खऱ्या क्रमानं लागायची, पण त्यांचे चष्मे वाफेनं पांढरे झालेले असायचे आणि पोरं रडत असायची. मी आत जाऊन बर्फही बघून आले, तो सुरुवातीला सांगितला तो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. त्याच मॉलमध्ये एक त्वचेचं क्लिनिक आहे. माणसाला थंडगार कपाटात उभं करतात आणि कातडी ताणली जाते, वय उतरतं, असं सांगतात. काही दिवसांनी त्यांनी भिंतीचं प्रायोजकत्व घेतलं. माझ्या टेबलावर काम आलं, नव्या नवरीच्या फोटोवर, तिच्या डोक्याच्या वर टाकायचं वाक्य. थंडी वय विसरते, असं काहीतरी. मी पुणेकराला फोन केला.

“लेडीकडं बघा ना,” तो म्हणाला. “दर फोटोत तरुण होत जाते. आम्हाला ठरवूनही असं जमलं नसतं. तुमच्या बहिणीचे आभार माना, शुक्रन म्हणा आमच्याकडून.”

मी ते काम केलं नाही. साहेबांनी ते शेजारच्या टेबलावर दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते छापून लागलं. मला त्या माणसाची इतकी घाण वाटली की त्याच्याशी मराठीत बोलणंच मी बंद केलं. तो मराठीत विचारायचा, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आमच्या घरी आमची मुलं आमच्याशी असंच करतात.

ताईला मी सगळं फोनवर सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, “बघितल्याबिगर काय बोलू.” डिसेंबरात ती आली, दोन विमानांमधल्या काही तासांसाठी. विमानतळावरून मी तिला सरळ तिथंच नेलं. जाडसर कोट हातावर, पांढरे आखूड केस, दमलेली. पार्किंगच्या दारातून आत आलो आणि ती पहिल्या फोटोसमोर थांबली, म्हणजे दाजींच्या शेवटच्या. भिंतीवरची ताई आणि बाहेरची ताई सारख्याच दिसत होत्या. आजूबाजूला गर्दी होती. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

ती सावकाश चालली. प्रत्येक फोटोशी थांबत होती, पण बर्फाकडं बघत नव्हती. फोटोच्या खाली, जिथं साल असायला हवं होतं, तिथं बघत होती. शेवटाला, नव्या नवरीसमोर, क्लिनिकची एक मुलगी कूपन वाटत उभी होती. बिचारीनं ताईचे केस बघितले आणि अदबीनं कागद पुढं केला.

“मॅडम, ये देखिए,” ती भिंतीकडं हात करून म्हणाली. “रिझल्ट देखिए. फर्स्ट सेशन हाफ प्राइस.”

ताईनं कागद घेतला. थँक यू म्हणाली. तिला त्या मुलीचा राग आला नव्हता, माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला होता. काय बोलणार होते कुणास ठाऊक, पण ताईनं माझा दंड धरला.

“हा ह्यांनी पावसात उभं राहून काढला होता,” ती त्या फोटोकडं बघत म्हणाली. “दगडावरनं पाय घसरला तरी कॅमेरा वर धरून पडलं.” मग म्हणाली, “मला काढ ह्यातनं.”

“ताई, अगं, तू निघालीस तर काहीच राहत नाही. तुझ्या केसांवरनं तरी एखाद्याला कळेल.”

“कुणाला कळलं?”

आत जाणाऱ्या मुलांच्या आरडाओरड्यात आम्ही दोघी उभ्या होतो. ती कूपनवाली मुलगी पुढच्या बाईकडं वळली होती.

“मी तिथं मापाला थांबत होतो,” ताई म्हणाली. “बर्फ किती गेला त्याच्या मापाला. ह्या लोकांच्या कातडीच्या दुकानाला न्हाई. हे फोटो बघून कुणी म्हणालं की बर्फ आला, तर त्याला मी साक्षीला नको.”

“सगळे फोटोच परत मागू.”

“माग.”

मी गाडीतून त्या पुणेकराला फोन केला, ताई शेजारी बसलेली. फोटो परत मिळणार नव्हते. परवानगीत सगळं स्पष्ट लिहिलं होतं आणि त्यानं मला ते वाचून दाखवलं. पण, तोच म्हणाला, बाईच्या चेहऱ्याचं म्हणाल तर जाहिरातीसाठी वेगळी संमती घ्यायला हवी होती, ती त्यांनी घेतली नव्हती. वाद नको. “चेहरा कशाला, अख्खी बाईच काढून देऊ,” तो म्हणाला. “मी तर आधीपासून हेच सांगत होतो. क्लिनिकला दुसरी मॉडेल देऊ.”

विमानतळावर सोडताना ताई म्हणाली, “तूच काढ. परक्या माणसाला हात लावू देऊ नको.” आणि पिशवी उचलून आत गेली.

मी ते काम साहेबांकडून मागून घेतलं. डाव्या टोकापासून सुरुवात केली. माणूस फोटोतून काढला की भोक पडतं, आणि त्या भोकात आजूबाजूचं काहीतरी आणून भरावं लागतं. शेवटच्या फोटोत ताईच्या जागी तळ्याचं पाणी आणि खडक भरले. त्याआधीच्यात खडी. मग मळका बर्फ. पांढरे केस गेले, मग करडे गेले, मग काळे. सगळ्यात जुन्या फोटोत तिच्या पाठीमागं नुसता बर्फच होता, म्हणून तिथं बर्फ भरावा लागला. तिच्या आकाराचा, वेणीपासून बुटांपर्यंत. डोंगरावर कधीच नसलेला तेवढा बर्फ मी माझ्या हातानं तयार केला, भेगाही जुळवल्या, आणि पाठवून दिला. दुपारचा डबा तसाच घरी नेला.

तासाभरात त्याचं उत्तर आलं, मराठीत. “थँक्स. बाई गेल्यावर बर्फ केवढा मोठा वाटतोय.”

मी भिंतीचं पान परत उघडून बघितलं. खरंच वाटत होता.